जांबोटी रोडवर पडलो. आता पंधरा हजारांत अंगावर काय काय घ्यावं?

व्हर्नियर

नमस्कार मंडळी. तीन वर्षं वाचनमात्र आहे. पहिलाच धागा काढतोय, तोही डाव्या हातानं टाइप करत, तेव्हा चुका पोटात घाला.

गाव जांबोटीजवळ, नोकरी उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये, इन्स्पेक्शनला. रोज जाऊन येऊन साठेक किलोमीटर. गाडी दीडशे सीसी. तीन आठवड्यांपूर्वी सकाळच्या शिफ्टला जाताना किणयेजवळच्या एका वळणावर पडलो. उसाच्या फडातनं निघालेल्या ट्रॅक्टरनं डांबरावर चिखल आणून टाकलेला, वर रात्री पावसाचा शिडकावा झालेला. वेग चाळीस-पंचेचाळीस, जास्त नाही. पुढचं चाक सरकलं, एवढंच आठवतंय.

हेल्मेट होतं. म्हणजे होतं म्हणायचं. रस्त्याकडेला साडेतीनशेला घेतलेली वाटी. मी पडायच्या आधी तीच पडली, बकल तुटून. डोकं साईडपट्टीच्या गवतावर आपटलं म्हणून आज लिहायला आहे. पायात चप्पल. अंगात पातळ नायलॉनचं विंडचीटर, ते कोपराजवळ वितळून कातड्याला चिकटलं. दवाखान्यात सिस्टरनी सलाईनच्या पाण्यानं भिजवून भिजवून ते सोडवलं आणि मग तळहातात घुसलेली खडी ब्रशनं घासून काढली. भूल दिली होती, खरं त्या ब्रशचा आवाज अजून कानात आहे.

एक्स-रेत हाड मोडलेलं नाही म्हणाले. खरं अजून उजव्या हातात व्हर्नियर, म्हणजे आमचं माप घ्यायचं हत्यार, धरता येत नाही. त्याचा जबडा सरकवायला अंगठा लागतो आणि दुखतंय नेमकं अंगठ्याच्या बुडाशी.

प्रश्न असा: हात बरा झाला की परत गाडीवर जाणार. आई म्हणते गाडी विक, बसनं जा. बस आमच्या फाट्यावर किती वाजता येते ते आईला माहीत नाही. १५,००० रुपये बाजूला काढलेत. जॅकेट, हेल्मेट, ग्लोव्हज, बूट, गुडघ्याचे गार्ड यातलं आधी काय घ्यावं? वापर रोजचा. एप्रिलमधलं ऊन आणि चार महिन्यांचा पाऊस, दोन्हीत चालायला पाहिजे. दुकानात गेलो तर आधी साडेआठ हजारांचं जॅकेटच दाखवलं.

रामतीर्थी

काळजी घ्या. वाचत आहे.

उद्यमबागी

अण्णा, थोडक्यात वाचलात. मी तुमच्याच पट्ट्यात, फाउंड्रीत आहे. गेली अकरा वर्षं रोज गाडी, आणि तीनदा पडलोय, त्यातलं एकदा चांगलंच.

दुकानदार जॅकेट आधी दाखवणारच, त्याचा फायदा त्यात. तुम्ही उलटीकडनं या. पडताना आपण काय करतो? हात टेकतो. मग गुडघा, कोपर, खांदा. पाय गाडीखाली राहतो. डोकं कधी आपटतं, कधी नाही, खरं आपटलं तर बाकीच्या हिशोबाला अर्थच उरत नाही. म्हणून माझा क्रम: हेल्मेट, ग्लोव्हज, बूट, गुडघे, आणि मग जॅकेट. लोक बरोबर उलटा घेतात, कारण फोटोत जॅकेट दिसतं.

दुसरं म्हणजे, जे घरात खिळ्याला टांगून राहणार ते घेऊच नका. मी पहिलं जॅकेट घेतलं ते जाड कापडाचं, आत तीन अस्तरं, बारा हजार मोजून. मार्चच्या पहिल्या आठवड्यात टांगलं ते जूनपर्यंत उतरवलं नाही. दुसऱ्यांदा पडलो तो नेमका मे महिना.

सुभेदार (निवृत्त)

वरच्या क्रमाला अनुमोदन. मी मराठा लाइट इन्फंट्रीत होतो, काही वर्षं डिस्पॅच रायडर, म्हणजे निरोप पोचवणारा स्वार, म्हणून बुलेट चालवली. हेल्मेट सैन्यातनं कसं आलं त्याची गोष्ट आम्हाला एका उस्तादांनी सांगितली होती, नंतर मी वाचून खात्री केली.

अरबस्तानचा लॉरेन्स म्हणून जो इंग्रज अधिकारी प्रसिद्ध आहे तो १९३५ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये मोटरसायकलवरून पडला. सायकलवरच्या दोन पोरांना चुकवायला गेला होता. डोक्यावर काही नव्हतं. सहा दिवस बेशुद्ध राहून गेला. त्याला बघायला बोलावलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे सर्जन होते. ते गप्प बसले नाहीत. युद्ध सुरू झाल्यावर सैन्यातले मोटरसायकलस्वार किती मरतात, कशानं मरतात, हे त्यांनी मोजायला घेतलं आणि १९४१ मध्ये हेल्मेटवर निबंध छापला. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यानं ड्युटीवरच्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं.

आणि आमची पोरं अजून टाकीवर हेल्मेट ठेवून फिरतात.

शिनोळीकर

सुभेदारसाहेब, टाकीवर ठेवणाऱ्यांत मीही आहे, कबूल करतो. आमचं गाव हद्दीवर. बेळगावात शिरताना डोक्यावर, चंदगडकडं वळलो की आरशाला. कोगनोळी ओलांडून कोल्हापूरकडं जाणारे मित्र तर नाक्यानंतर थांबून डिकीत टाकतात. जणू डांबर महाराष्ट्रातलं मऊ आहे.

कायदा दोन्हीकडं एकच की ओ. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट, मागं बसणाऱ्यालासुद्धा.

कुंदाप्रेमी

हेल्मेट घ्यायचंय तर लांब कशाला जायचं? वेगा आपल्या बेळगावचीच कंपनी. बाहेरच्या मित्रांना सांगितलं की खरं वाटत नाही, त्यांना बेळगाव म्हटलं की कुंदा आणि सीमाप्रश्न एवढंच माहीत.

खरं मला एक सांगा, आयएसआय, डॉट, ईसीई हे काय प्रकरण आहे? स्टिकर तर फुटपाथवरच्या वाटीवर पण असतंय.

चोर्लावारा

कुंदाप्रेमी, तुमच्या प्रश्नाचं लांबलचक उत्तर देतो, चहा घेऊन बसा.

आयएसआय म्हणजे आपलं भारतीय मानक, आयएस ४१५१. १ जून २०२१ पासून दुचाकीचं हेल्मेट या खुणेशिवाय बनवणं-विकणं बेकायदेशीर आहे. खुणेसोबत सीएम/एल म्हणून परवाना क्रमांक असतो. फोनवर बीआयएस केअर ॲप घ्या आणि तो क्रमांक घाला. कंपनीचं नाव आणि परवाना चालू आहे की नाही ते दिसतं. फुटपाथवरच्या स्टिकरवर एकतर क्रमांकच नसतो, नाहीतर तो भलत्याच कुणाचा निघतो. आमच्या गल्लीतल्या एकाच्या वाटीवरचा क्रमांक घालून बघितला, ॲपला तो सापडेचना.

डॉट अमेरिकेचं. तिथं कंपनी स्वतःच जाहीर करते की आमचं हेल्मेट नियमात बसतं, सरकार नंतर बाजारातनं उचलून तपासतं. त्यामुळं इकडं नुसतं डॉटचं स्टिकर दिसलं तर त्याला काडीची किंमत देऊ नका. ईसीई युरोपचं, तिथं विकायच्या आधी बाहेरच्या प्रयोगशाळेत चाचणी द्यावी लागते. त्यातलं नवं २२.०६. डोकं नुसतं सरळ आपटत नाही, आपटताना गरकन फिरतंही, आणि मेंदूला त्या फिरण्याचा मार वेगळा बसतो. २२.०६ मध्ये ते फिरणंही मोजतात. चार-पाच हजारांत आयएसआय आणि ईसीई दोन्ही असलेली हेल्मेटं आता मिळतात. आयएसआय कायद्यानं लागतंच, ईसीई वरचं.

आता खरी गोष्ट. वेगा घ्या, स्टड्स घ्या, स्टीलबर्ड घ्या, नाव दुय्यम. डोक्याला बसतंय का ते पहिलं. भुवईच्या बोटभर वरनं डोक्याभोवती शिंप्याची टेप फिरवून सेंटिमीटर लिहून न्या. हेल्मेट घालून पट्टा लावा. दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडं फिरवा: गालाचं कातडं सोबत फिरलं पाहिजे, नुसतं हेल्मेट फिरलं तर मोठं आहे. मग मागच्या काठाखाली बोटं घालून पुढं ढकला. पुढं निघून आलं तर पडताना पण निघेल, व्हर्नियरसाहेबांचं निघालं तसं. गाल दाबले जाऊन तोंड माशासारखं झालं तर चालतंय, गालाच्या गाद्या पंधरावीस तासांत बसतात. कपाळाच्या एका ठिकाणी टोचत असेल तर मात्र ठेवा परत, तुमच्या डोक्याचा आकार वेगळा आहे. दुकानात निदान दहा मिनिटं घालून बसा. दुकानदार वैतागतो, वैतागू दे.

आणि पूर्ण तोंडाचंच घ्या. वाटीत हनुवटी उघडी, आणि पडताना हनुवटी आपटायला काय लागतं?

जुना येझदीवाला

मंडळी, रागावू नका, पण हे सगळं जरा जास्तच चाललंय. मैसूरच्या कारखान्यातली येझदी मी ३४ वर्षं चालवली. लोंढा, दांडेली, अनमोड घाट, सगळं टोपी आणि मफलरवर. गाडी हळू चालवा, नीट चालवा. आता पोरं पंधरा हजारांचं चिलखत घालतात आणि मग ते घातलंय म्हणून नव्वदनं पळवतात.

उद्यमबागी

काका, तुमच्या येझदीला नमस्कार. पण धागाकर्ता चाळीसनं पडलाय. चिखल ट्रॅक्टरचा होता. यानं अजून किती हळू चालवायची?

जुना येझदीवाला

ते बरोबर आहे. चिखलाचं मी नाकारत नाही. आमच्या वेळी उसाला बैलगाड्या होत्या, रस्त्यावर पडायचं ते शेण. त्यावरही घसरायचं म्हणा.

सिस्टर_०४

मी नर्स आहे, बेळगावात, अपघात विभागात. हॉस्पिटल विचारू नका.

व्हर्नियर, तुमची पोस्ट वाचून एक गोष्ट तातडीनं सांगते, बाकीचं नंतर. अंगठा ताठ वर केला की त्याच्या बुडाशी मनगटाच्या बाजूला एक खळगा दिसतो. निपाणीकडची म्हातारी माणसं तपकिरीची चिमूट तिथंच ठेवून ओढतात. त्या खळग्यात दुसऱ्या हाताच्या बोटानं दाबा. तिथं खोल दुखत असेल तर उद्याच्या उद्या हाडांच्या डॉक्टरांकडं जाऊन परत एक्स-रे काढा. तिथं स्कॅफॉइड नावाचं काजूएवढं हाड आहे. हात टेकून पडलं की तेच मोडतं, आणि पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत बरेचदा दिसत नाही. म्हणून दहा-चौदा दिवसांनी परत बघतात. त्याला रक्तपुरवठा उलट्या बाजूनं होतो, त्यामुळं ते जुळायला फार वेळ घेतं आणि दुर्लक्ष केलं तर जुळतच नाही. तीन आठवडे दुखतंय ते नुसतं कातडं नसावं असं मला वाटतं. इथं बसून निदान करत नाही. दाखवून या.

बाकीचं रात्री लिहिते, ड्युटी आहे.

व्हर्नियर

ताई, दाबून बघितलं. दुखतंय. चांगलंच.

वडगावची लेक

सिस्टर, धन्यवाद. आणि व्हर्नियर, आधी जावा, धागा कुठं पळून जात नाही.

तोवर बायकांच्या बाजूनं दोन शब्द. माझी स्कूटर, वडगाव ते हिंडलगा रोज. बेळगावात रायडिंग जॅकेट शोधायला गेले तर "मॅडम, जेंट्सचं स्मॉल घ्या की". घेतलं. खांद्याचा गार्ड दंडावर येतोय आणि कोपराचा मनगटाकडं. पडलं तर गार्ड एकीकडं आणि कोपर दुसरीकडं. शेवटी ऑनलाइन बायकांच्या मापाचं मागवलं. दोनदा परत केलं, तिसरं बसलं.

केसांचं कुणी सांगत नाही. अंबाडा घालून हेल्मेट बसत नाही, मागनं उचललं जातं आणि पुढं डोळ्यांवर येतं. मानेपाशी सैल वेणी घाला. आईला हे पटवायला मला सहा महिने लागले.

ओढणी आणि पदराचं सिस्टर सांगतीलच.

सिस्टर_०४

आले परत.

ओढणी: मागच्या चाकात, साखळीत. दर महिन्याला एखादी तरी. गाठ मारून कमरेला बांधा, नाहीतर वरनं जॅकेट घाला.

चप्पल: चप्पल घालून पडलेला पेशंट आला की आम्ही आधी बोटं मोजतो. हे तुम्हाला घाबरवायला नाही, खरंच मोजतो. घोटा झाकणारा कुठलाही बूट चपलेपेक्षा बरा.

ट्रॉली: तोडणीच्या हंगामात संध्याकाळी सात ते दहा. मागं ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर, दोन ट्रॉल्या एकामागं एक, आणि ऊस मागं हातभर बाहेर आलेला. सरळ त्यात घुसलेले येतात. काळं हेल्मेट, काळं जॅकेट, त्यावर काळी काच लावून रात्री चालवणाऱ्यांना तर ट्रॉली दिसायलाच उशीर होतो. रात्रीसाठी पांढरी काच ठेवा.

आणि रस्त्यात कुणी पडलेलं दिसलं तर हौसेनं त्याचं हेल्मेट ओढून काढू नका. मानेचं हाड मोडलं असेल तर त्या ओढण्यानंच माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो. श्वास चालू असेल तर काच उघडा, पट्टा तसाच राहू दे, डोकं हलू न देता धरा आणि १०८ लावा.

शिनोळीकर

१०८ दोन्ही राज्यांत तोच नंबर, हे बरं आहे. खरं आमच्याकडं टॉवर कधी इकडचा, कधी तिकडचा. मी एकदा लावला तर फोन महाराष्ट्राकडं लागला आणि मी उभा कर्नाटकात. त्यामुळं गावाचं नाव सांगायच्या आधी राज्य सांगायची सवय लावून घेतलीय.

बेळगुंदीकर

वाचनखूण साठवली. सिस्टर, पुढील लेखनास शुभेच्छा.

चोर्लावारा

जॅकेटवर अजून कुणी नीट बोललं नाही म्हणून मीच बोलतो. दर पावसाळ्यानंतर मी कणकुंबीवरनं चोर्ला उतरून साखळीपर्यंत जाऊन येतो, त्यामुळं यात जरा जास्त लक्ष घातलंय. जास्त झालं तर सोडून द्या.

जॅकेट दोन कामं करतं. घासण्यापासून कातडं वाचवतं आणि आपटण्यापासून हाड. घासण्याचं काम कापडाचं. व्हर्नियरचं विंडचीटर का वितळलं? पातळ नायलॉन डांबरावर घासलं की गरम होतं आणि कातड्यालाच चिकटतं. साधी जीन्स डोळ्याचं पातं लवायच्या आत फाटते. म्हणून कॉर्ड्युरासारखं जाड विणीचं कापड, नाहीतर चामडं, नाहीतर आत अरामिड (न वितळणारा, चिवट धागा) लावलेली जीन्स. युरोपात कपड्यांना आता ईएन १७०९२ मध्ये वर्ग देतात: एएए सगळ्यात वर, मग एए, मग ए. आपल्या ऊन-पावसाला, रोजच्या साठ किलोमीटरला ए किंवा एए जाळीचं जॅकेट. एएए हवं तर रेस ट्रॅकवर जा.

आपटण्याचं काम आतल्या गार्डचं. गार्ड बाहेर काढून बघा, दुकानदाराला विचारून. त्यावर ईएन १६२१-१ असं कोरलेलं पाहिजे, शेजारी मोटरसायकलस्वाराचं चित्र आणि १ किंवा २ आकडा. चाचणीत गार्डवर ५० जूलचा ठोका मारतात आणि खाली किती जोर पोचला ते मोजतात. पातळी १ मध्ये सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत चालतं, पातळी २ मध्ये २० पर्यंतच. दोन पैसे जास्त गेले तरी २ घ्या.

आता गंमत. पाठीचा कप्पा उघडला की बऱ्याच जॅकेटांत नुसता स्पंज निघतो. हो, स्पंज. बोटानं दाबला की दबतो, भांडी घासायला घ्यावा असला. पाठीचं खरं गार्ड वेगळं विकत घ्यावं लागतं, त्याचं मानक १६२१-२ आणि नियम जास्त कडक: पातळी १ ला १८, पातळी २ ला ९ किलोन्यूटन. दुकानात गेलात की पहिल्यांदा पाठीत हात घाला.

बसायचं माप म्हणजे गाडीवर बसून. उभं राहून आरशात बघू नका. दुकानाबाहेर गाडी लावलेली असते, तिच्यावर बसा, हँडल धरा. बाही मनगटाच्या वर गेली, कोपराचा गार्ड सरकला, तर नको. गार्ड कोपरावरच राहिला पाहिजे, दुसऱ्यानं धरून फिरवला तरी.

निपाणीकर

आमच्याकडं चामड्याचं काम करणारे जुने कारागीर आहेत. अथणीची चप्पल, निपाणीची चप्पल, सगळं हातचं. २०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं त्यात बेळगाव जिल्हा पण आहे. मग जॅकेट इथंच शिवून का घेऊ नये? कुणी घेतलंय का?

चोर्लावारा

मी विचारून बघितलं होतं. कारागीर हसला. चपलेचं चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं, ताठ. ते अंगावर घातलं तर कोपर वाकायचा नाही, आणि भिजलं तर वाळून पापड. जॅकेटचं चामडं वेगळं कमावतात, मऊ, सव्वा मिलिमीटरच्या आसपास. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे शिलाई. चामडं टिकतं, टाका उसवतो. म्हणून चांगल्या जॅकेटात मोक्याच्या जागी दोन-दोन, तीन-तीन शिलाया असतात.

खरं एका कामाला मात्र मी त्याच कारागिराकडं जातो. ग्लोव्हजच्या तळव्याची शिलाई उसवली की मेणाच्या दोऱ्यानं घालून देतो, चाळीस रुपयांत. कंपनीपेक्षा घट्ट.

कणकुंबीकर

चर्चा छान. पावसाचं आमच्यावर सोडा. जून ते सप्टेंबर आम्ही पाण्यातच असतो.

जॅकेटच्या आत लावायचं रेनलायनर येतं, त्याच्या नादाला लागू नका. पाणी लायनरपाशी थांबतं हे खरं, पण तोवर बाहेरचं सगळं जॅकेट भिजून दोन किलोनं जड होतं आणि वाऱ्यात अंगावर बर्फासारखं गार पडतं. सगळ्याच्या वरनं घालायचा रेनसूट घ्या, भडक रंगाचा. आमच्या धुक्यात समोरची एसटी दिसत नाही तिथं काळ्या रेनकोटातला माणूस काय दिसणार?

काचेवर आतनं वाफ धरते त्याला पिनलॉक म्हणून दुसरी पातळ काच आत बसवायची मिळते. ज्या हेल्मेटच्या काचेला दोन बाजूंना पिना आहेत तिलाच बसते, घेताना बघून घ्या.

एक प्रश्न माझाही. शेतातले गमबूट घालून गाडी चालवतो. पाय कोरडे राहतात. बरोबर की चूक?

उद्यमबागी

कोरडे राहतात आणि पडल्यावर पायातनं निघूनही जातात. घोट्याला धरून राहील असं काही नाही त्यात. आठवड्याच्या बाजाराला जाताना ठीक. घाटात नको.

व्हर्नियर, बुटांवरनं आठवलं. तुम्हाला कंपनीतनं सेफ्टी शूज मिळत असतील की. घोट्याच्या वरपर्यंतचे असतील तर बुटांचे पैसे वाचवा, तेच घालून या-जा करा. दोन गोष्टी बघा. एक, पुढं लोखंडी टोपीमुळं बूट जाड असतो, तो गिअरखाली अडकतो. मेकॅनिककडनं गिअरची दांडी एक दात वर करून घ्या, पाच मिनिटांचं काम. दोन, नाडीचं टोक आत खोचा. माझी एकदा फूटरेस्टला अडकली आणि सिग्नलला उभ्या जागी आडवा झालो, तिसऱ्या गेटपाशी, सगळ्या गर्दीसमोर. तीनदा पडलो म्हणालो त्यातलं हे एक.

सुभेदार (निवृत्त)

हे "एकदा चांगलंच" वालं आहे का?

उद्यमबागी

नाही साहेब. इज्जत गेली एवढंच.

ग्लोव्हजचं राहिलं. तळहाताच्या टाचेशी, म्हणजे मनगटाच्या वर जिथं आपण टेकतो तिथं, कडक प्लास्टिकची चकती असलेले घ्या. हात डांबरावर टेकला की तो अडकण्याऐवजी सरकतो. अडकला की मनगटाचं हाड जातं, सिस्टर म्हणाल्या तेच. पट्टा लावून दुसऱ्याला ओढून काढायला सांगा, निघाले तर ठेवून या. लेबलवर १केपी दिसलं तर बोटांच्या सांध्यांवरचं संरक्षणही तपासलेलं आहे असं समजा. नुसतं १ असेल तर ते तपासलेलं नाही.

वडगावची लेक

लहान मुलांचं पण लिहा कुणीतरी. भाचीला पुढं उभं करून नेणारे बघितले की पोटात गोळा येतो.

शिनोळीकर

नियम आहे ताई, १५ फेब्रुवारी २०२३ पासून. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला मापाचं हेल्मेट, मोठ्या माणसाला बांधायचा पट्टा, आणि वेग चाळीसच्या वर नाही. अजून एकाकडं तो पट्टा बघितलेला नाही.

व्हर्नियर

मंडळी, उत्तराला बारा दिवस लागले, माफ करा.

सिस्टरताई, तुमचं बरोबर निघालं. परत एक्स-रे काढला, स्कॅफॉइडला केसाएवढी चीर. मनगटापासनं अंगठ्यापर्यंत प्लास्टर घातलंय, निदान आठ आठवडे. डॉक्टर म्हणाले अजून महिनाभर तसंच ओढलं असतं तर ऑपरेशनच करावं लागलं असतं. तुम्हाला काय म्हणू कळत नाही. आईनं तुमच्यासाठी तुपातले बेसनलाडू करून ठेवलेत, हॉस्पिटल सांगत नसाल तर उद्यमबागींकडं ठेवतो.

गाडी बंद, खरं खरेदी केली. धाकट्या भावाला घेऊन बसनं बेळगावला गेलो. हेल्मेट आयएसआय आणि ईसीई दोन्ही असलेलं, ३,९०० ला. ॲपमध्ये क्रमांक घालून बघितला, सापडला. माझं डोकं ५८ निघालं आणि मी आजवर एक्सएल घालत होतो! दुकानात दहा मिनिटं बसलो, दुकानदारानं तीनदा "बसलं की नाही ओ?" विचारलं. ग्लोव्हज तळव्याला चकतीवाले, २,२००. उजवा हात प्लास्टरमध्ये म्हणून डावाच घालून बघितला, उजवा देवाच्या भरवशावर. गुडघ्याचे गार्ड १,७००. जॅकेट जाळीचं, पातळी २ चे गार्ड, ५,६०० ला. पाठीत हात घातला तर स्पंजच होता, चोर्लावाराअण्णा! तो दाखवला तसा दुकानदार म्हणाला, "सगळे विचारत नाहीत." पाठीचं गार्ड पुढच्या पगारात. बूट कंपनीचेच.

झाले १३,४००. उरलेल्या सोळाशेत आईला हेल्मेट घेतलं. मंगळवारी तिला मागं बसवून बाजारला नेतो, आजवर तिला काही नव्हतं हे माझ्या लक्षातसुद्धा आलेलं नव्हतं. अंबाड्याचं वडगावच्या ताईंनी सांगितलेलं तिला वाचून दाखवलं. सध्या "बघू" म्हणते.

जुना येझदीवाला

शाब्बास. मीपण मुलीच्या हट्टानं एक मागवलंय. माझं ६० निघालं. मफलर आतनं घातला तर चालतो का?

चोर्लावारा

काका, नाही चालत. मफलर आत जागा खातो आणि हेल्मेट नीट बसत नाही. थंडीला पातळ सुती टोपी मिळते आत घालायला, बॅलाक्लाव्हा म्हणतात.

व्हर्नियर, ती जुनी वाटी टाकली ना? एकदा मार खाल्लेलं हेल्मेट परत वापरायचं नसतं. आतला थर्माकोलसारखा थर एकदाच दबतो, परत फुगत नाही. पट्टा कापून मग टाका, नाहीतर कुणीतरी उचलून परत डोक्यावर घालतं.

व्हर्नियर

पट्टा कापला. टाकणार होतो, खरं वडिलांनी गोठ्यात नेली. म्हशीची पेंड मोजायला बरोब्बर मापाची आहे म्हणतात. सकाळी एक वाटी, संध्याकाळी एक.